इंग्रजीतलं ‘गेट’ कसं वापरायचं: मराठीतून विचार करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

शब्दकोशात ‘गेट’ हे क्रियापद काढून बघा. मिळणे, मिळवणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे, करवून घेणे... यादी संपतच नाही. शाळेत मात्र ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढ्यावर भागवलेलं असतं. मग ‘इट इज गेटिंग डार्क’ असं वाक्य समोर आलं की अंधार नेमका कोणाला मिळतोय, हा प्रश्न पडतो.

मी मराठी माध्यमातून शिकले आणि पुढे पुण्यात परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलायच्या कामाला लागले. आता त्याच कामावर येणाऱ्या नव्या मुलामुलींची बोलण्याची तयारी करून घेते. लांबलचक शब्द ही मुलं बिनचूक वापरतात आणि इवल्याशा ‘गेट’पाशी अडतात. त्यांना पहिल्याच दिवशी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. अर्थांची यादी पाठ करायची नाही. ‘गेट’च्या लगेच पुढे काय आलंय ते बघायचं. पुढे नाम आहे, विशेषण आहे, एखादी जागा आहे की ‘टू’ आहे, त्यावर अर्थ ठरतो. अशा सहा-सात रचना ओळखू आल्या की रोजच्या बोलण्यातलं बहुतेक ‘गेट’ आवाक्यात येतं. गंमत म्हणजे त्यातल्या जवळपास प्रत्येक रचनेला मराठीत जोडीदार आहे.

सुरुवातीला काय लागेल

- एक वही. प्रत्येक रचनेला एक पान, पानावर मराठी वाक्य आणि त्याखाली इंग्रजी.
- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे असे शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघता येतात, उच्चारही ऐकू येतो. इंग्रजी-मराठी शब्दकोश इथे फारसा कामाचा नाही, कारण तो नुसते अर्थ देतो, वाक्याची घडण दाखवत नाही.
- ऐकायला गप्पांचं काहीतरी: मुलाखती, घरगुती मालिका, स्वयंपाकाचे व्हिडिओ. खाली इंग्रजी अक्षरं दिसत असली तर उत्तम. बातम्या नकोत. बातम्यांची भाषा औपचारिक असते आणि तिथे ‘गेट’ बेतानेच येतं.
- मोबाइलमधला व्हॉइस रेकॉर्डर.

पायरी १: रूपं आणि उच्चार नीट करा

रूपं अशी: गेट, गॉट, गॉट. ‘-इंग’ लावताना इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘टी’ दोनदा येतो, हे लिहिताना विसरायला होतं.

उच्चाराचा घोळ देवनागरीमुळे होतो. फाटकाचं ‘गेट’ आणि हे ‘गेट’ आपण सारखंच लिहितो आणि सारखंच बोलतो. इंग्रजीत ते दोन वेगळे स्वर आहेत. इंडिया गेटमधलं ‘गेट’ लांबवायचं, शेवटी किंचित ‘इ’कडे झुकवायचं. क्रियापद मात्र झटकन म्हणून संपवायचं. मराठीत ऱ्हस्व ‘ए’ला वेगळं अक्षर नसल्यामुळे हा फरक वाचून कळणार नाही, शब्दकोशातलं बटण दाबून दोन्ही शब्द एकापाठोपाठ ऐका आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ताडून बघा.

अमेरिकन माणूस दोन स्वरांच्या मधला ‘टी’ मऊ करतो. त्यामुळे ‘गेटिंग’ हे ‘गेडिंग’सारखं आणि ‘गेट इट’ हे ‘गेडिट’सारखं कानावर पडतं. तसं बोललंच पाहिजे असं नाही, पण ऐकताना ओळखू यायला हवं.

आता ‘गॉटन’. अमेरिकेत तिसरं रूप बऱ्याचदा ‘गॉटन’ असतं, ब्रिटनमध्ये ‘गॉट’. पुष्कळांना वाटतं की ‘गॉटन’ ही अमेरिकनांनी नव्याने केलेली मोडतोड आहे. उलट आहे. ‘गेट’ हा शब्द इंग्रजीत व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आला, ‘गॉटन’ हे त्याचं जुनं रूप. इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर ते अमेरिकेला गेलं आणि तिथे टिकलं. खुद्द इंग्लंडात मागे पडलं. ‘फरगेट’ हे याच घराण्यातलं क्रियापद, आणि त्याचं ‘फरगॉटन’ मात्र लंडनमध्येही अजून चालतं.

इथला सापळा असा की अमेरिकन वाटावं म्हणून लोक सगळीकडे ‘गॉटन’ लावत सुटतात. जवळ असणं सांगायचं तर अमेरिकेतही ‘गॉट’च: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली, घेतली. आता ‘आय हॅव गॉटन टू ब्रदर्स’ म्हटलं तर कसं वाटेल ते तुम्हीच बघा. परीक्षेसाठी लिहीत असाल तर ब्रिटिश किंवा अमेरिकन, एकच पद्धत धरून शेवटपर्यंत चला.

पायरी २: पुढे नाम आलं तर मिळणे, घेणे, आणणे

‘आय गॉट अ जॉब.’ ‘शी गॉट एटी परसेंट.’ ‘डिड यू गेट माय मेसेज?’ हे शाळेत शिकलेलं ‘गेट’. तरी एक अडचण उरते. मराठीत ‘मला नोकरी मिळाली’ म्हणताना कर्ता नोकरी असते आणि आपण ‘मला’ म्हणून बाजूला उभे असतो. इंग्रजीत ज्याला मिळतं तो पुढे येतो. म्हणून ‘जागा मिळाली का?’ याचं ‘सीट गॉट?’ करू नका. ‘डिड यू गेट अ सीट?’ असं माणसापासून सुरू करा. ‘मला’, ‘तिला’, ‘आम्हाला’ दिसलं की त्याचा आधी ‘आय’, ‘शी’, ‘वी’ करायचा, मग पुढचं.

याच रचनेत विकत घेणं आणि जाऊन आणणंही येतं. ‘व्हेअर डिड यू गेट दॅट शर्ट?’ म्हणजे हा शर्ट कुठून घेतलास. ‘आय विल गेट द किड्स फ्रॉम स्कूल’ म्हणजे मुलांना शाळेतून घेऊन येते. मध्ये माणूस घातला की ‘आणून देणे’ होतं: ‘कॅन यू गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर?’ इथे ‘फॉर मी’ आधी आणून वाक्य वाकडं करायची गरज नाही.

आजारही चालतात. ‘आय गेट अ हेडेक इफ आय स्किप लंच’ म्हणजे जेवण चुकलं की माझं डोकं दुखतं. पण भूक, तहान, राग, कंटाळा ही मराठीतली नामं इंग्रजीत नामं म्हणून येत नाहीत. ‘आय गॉट हंगर’ होत नाही. त्यांची सोय पुढच्या पायरीत.

सगळ्यात मोठा खड्डा मुलाच्या जन्माचा. ‘तिला मुलगा झाला’ याचं आपल्याकडे सर्रास ‘शी गॉट अ बेबी बॉय’ होतं. इंग्रजी कानाला ते दुकानातून आणल्यासारखं वाटतं. तिथे ‘शी हॅड अ बेबी बॉय’. ‘दे गॉट अ डॉग’ मात्र अगदी बरोबर, कारण कुत्रा खरोखरच आणलेला असतो.

आणखी एक. फोनवर ऐकू आलं नाही की आपण ‘आय डिडन्ट गेट यू’ म्हणतो. समजून घेतात सगळे, पण ‘आय डोन्ट गेट यू’च्या जवळ गेलात तर अर्थ ‘तू मला कळतच नाहीस’ असा, जरा टोचणारा होतो. ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ किंवा ‘आय डिडन्ट कॅच दॅट’ म्हणा. रोख माणसावर नको, वाक्यावर ठेवा.

पायरी ३: पुढे विशेषण आलं तर होणे

‘इट इज गेटिंग डार्क’: अंधार होतोय. ‘माय टी इज गेटिंग कोल्ड’: चहा गार होतोय. ‘डोन्ट गेट अँग्री’: रागावू नकोस. आजारी माणसाला ‘गेट वेल सून’ म्हणतात तेही याच रचनेतलं.

इथे ‘आहे’ आणि ‘होतोय’ यांतला फरक पकडायचा. ‘आय ॲम टायर्ड’ म्हणजे दमलेय, झालं ते झालं. ‘आय ॲम गेटिंग टायर्ड’ म्हणजे दमत चाललेय. मराठीत आपण हा फरक सहज करतो, फक्त इंग्रजीत जाताना सगळीकडे ‘ॲम’ आणि ‘इज’ घालून तो पुसून टाकतो. मराठीत भावना येतात, लागतात, वाटतात. इंग्रजीत माणूस तसा होतो:

- राग आला: ‘आय गॉट अँग्री’
- भीती वाटली: ‘आय गॉट स्केअर्ड’
- भूक लागत चालली आहे: ‘आय ॲम गेटिंग हंग्री’
- कंटाळा आला: ‘आय गॉट बोअर्ड’

शेवटच्या वाक्यात ‘बोअर्ड’च्या जागी ‘बोअरिंग’ गेलं तर मी इतरांना कंटाळा आणणारी झाले, असा अर्थ होतो. मुलाखतीत हे वाक्य मी बरेचदा ऐकलंय. ज्याला कंटाळा येतो तो ‘बोअर्ड’, जो आणतो तो ‘बोअरिंग’. ‘एक्सायटेड’ आणि ‘एक्सायटिंग’, ‘कन्फ्यूज्ड’ आणि ‘कन्फ्यूजिंग’ यांनाही हाच नियम.

‘उशीर झाला’ हे वेगळं प्रकरण आहे. मराठीत एकच वाक्य दोन गोष्टी सांगतं: वेळ बरीच झाली, किंवा मला पोहोचायला उशीर झाला. ‘इट इज गेटिंग लेट’ हे पहिल्यासाठी, म्हणजे पाहुण्यांनी उठायची वेळ झाली. स्वतःला उशीर झाल्यावर आपल्याकडे ‘आय गॉट लेट’ म्हणतात. बाहेर ‘आय ॲम लेट’, ‘आय ॲम रनिंग लेट’ किंवा अडकून पडलात तर ‘आय गॉट डिलेड’ म्हणतात.

प्रत्येक ‘होणे’ला मात्र ‘गेट’ चालत नाही. दूध नासलं तर ‘द मिल्क वेंट बॅड’, टक्कल पडलं तर ‘ही वेंट बॉल्ड’. आणि पुढे धंद्याचं किंवा पदाचं नाम असेल तर ‘बिकेम’च हवं. ‘ही बिकेम अ डॉक्टर’ म्हणजे तो डॉक्टर झाला. ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणजे त्याने डॉक्टर बोलावून आणला. पुढे नाम आलं की मागची पायरी लागू होते, म्हणून.

पायरी ४: पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर जे घडून जातं ते

‘वी गॉट लॉस्ट’: रस्ता चुकलो. ‘आय गॉट स्टक इन ट्रॅफिक’. ‘ही गॉट फायर्ड’: त्याला कामावरून काढलं. ‘शी गॉट ट्रान्सफर्ड टू नागपूर’. बोली भाषेतला हा कर्मणी प्रयोगच आहे, पण त्यात काहीतरी होऊन बसल्याची छटा असते. म्हणून बढती, बदली, अपघात, फसवणूक यांना तो छान बसतो.

लग्न याच खात्यात. ‘वी गॉट मॅरिड इन 2015’ हा प्रसंग, ‘वी आर मॅरिड’ ही स्थिती. ‘आय वॉज मॅरिड’ एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणाऱ्याला वाटू शकतं की ते लग्न आता राहिलं नाही. आणि कोणाशी हे सांगताना ‘विथ’ नको: ‘शी गॉट मॅरिड टू अ टीचर’. मराठीतला ‘शी’ प्रत्यय आपल्याला ‘विथ’कडे ओढतो.

आता या पायरीवरचा मोठा सापळा. मराठीत आपण इंग्रजी शब्दाला ‘झाला’ जोडून कुठलंही क्रियापद बनवतो: पासपोर्ट एक्सपायर झाला, मी फेल झालो, हे असं हॅपन झालं. मग उलट इंग्रजीत जाताना प्रत्येक ‘झाला’चं ‘गॉट’ होतं आणि ‘माय पासपोर्ट गॉट एक्सपायर्ड’, ‘आय गॉट फेल्ड’, ‘इट गॉट हॅपन्ड’ अशी वाक्यं तयार होतात. जी गोष्ट आपोआप घडते, दुसरं कोणी ती करत नाही, तिथे ‘गॉट’ काढून टाका: ‘माय पासपोर्ट एक्सपायर्ड’, ‘आय फेल्ड’, ‘इट हॅपन्ड’. ओळखायची खूण सोपी आहे. ‘कोणी केलं?’ असं विचारून बघा. फायर कोणी केलं, याला उत्तर आहे, म्हणून ‘गॉट फायर्ड’ चालतं. एक्सपायर कोणी केलं, याला उत्तर नाही. ‘गॉट लॉस्ट’ आणि ‘गॉट मॅरिड’ मात्र असे प्रश्न विचारत न बसता आख्खेच लक्षात ठेवा.

‘द मीटिंग गॉट ओव्हर’ हेही सोडा. आपल्या ऑफिसांत ते रोज चालतं आणि आपसांत चालू द्यायला माझी हरकत नाही. पण भारताबाहेरच्या माणसासाठी ‘गेट ओव्हर’ म्हणजे दुःखातून, आजारातून सावरणं. त्याला ‘द मीटिंग इज ओव्हर’ किंवा ‘द मीटिंग एंडेड’ सांगा.

पायरी ५: पुढे जागा आली तर पोहोचणे, चढणे, उतरणे

परक्या शहरात पहिल्या दिवशी लागणारं वाक्य म्हणजे ‘हाऊ डू आय गेट टू द स्टेशन?’ जागेच्या आधी ‘टू’ येतं. ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्या आधी येत नाही: ‘आय गॉट होम ॲट नाइन’, ‘व्हेन डिड यू गेट हिअर?’ उलट ‘रीच’ला ‘टू’ कधीच लागत नाही. ‘रीच्ड टू ऑफिस’ आणि ‘गॉट ऑफिस’ या दोन्ही चुका एकमेकींच्या जागा बदलून होतात. दुसऱ्या वाक्याचा अर्थ तर ‘ऑफिस मिळालं’ असा होतो.

वाहनांचा नियम असा: ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’, म्हणजे बस, लोकल, विमान, बोट. ज्यात वाकून थेट बसावं लागतं त्याला ‘इन’ आणि ‘आउट ऑफ’, म्हणजे कार, टॅक्सी, रिक्षा. ज्यावर टांग टाकून बसतो त्याला पुन्हा ‘ऑन’ आणि ‘ऑफ’: सायकल, स्कूटर, घोडा.

मुंबईच्या लोकलमध्ये ‘आय विल गेट डाउन ॲट दादर’ म्हटलं तर कोणी वळूनही बघणार नाही. भारतीय इंग्रजीत ‘गेट डाउन’ म्हणजे उतरणं पक्कं बसलेलं आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये उतरायचं असेल तर ‘गेट ऑफ’ म्हणा. तिथे कोणी तुमच्याकडे बघून ‘गेट डाउन!’ ओरडलं तर अर्थ ‘खाली वाका, आडवे व्हा’ असा असतो, आणि तेव्हा व्याकरणाचा विचार न करता खाली वाकावं.

पायरी ६: मध्ये वस्तू किंवा माणूस आला तर करवून घेणे

माझ्या मते ‘गेट’चा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात कमी शिकवला जाणारा उपयोग हाच. मराठी बोलणाऱ्याला तो सोपा जायला हवा, कारण करणे, करवणे, करवून घेणे, करायला लावणे अशी सगळी शिडी आपल्याकडे आहे.

आपण ‘मी केस कापले’ म्हणतो आणि कात्री न्हाव्याच्या हातात होती हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. दुसऱ्याकडून करून घेतलं तर रचना अशी: गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप.

- ‘आय गॉट माय हेअर कट.’
- ‘आय नीड टू गेट माय फोन रिपेअर्ड.’
- ‘वी गॉट द हाउस पेंटेड बिफोर दिवाळी.’
- ‘गेट धिस फॉर्म अटेस्टेड.’

क्रम महत्त्वाचा. ‘आय गॉट रिपेअर्ड माय फोन’ म्हटलं की वाक्य मोडतं, आणि ‘आय गॉट रिपेअर्ड’पर्यंत ऐकणाऱ्याला वाटतं की दुरुस्ती तुमचीच झाली. आधी वस्तू, मग तिचं काय झालं ते. एक सूट मात्र आहे: ‘वी बिल्ट अ हाउस’ म्हटलं तर इंग्रजीतही कोणी समजत नाही की विटा तुम्ही रचल्या. घर बांधण्यासारख्या मोठ्या कामात ते गृहीत धरलं जातं, केसांत नाही.

मध्ये माणूस आला की पुढे ‘टू’ आणि साधं क्रियापद. ‘आय गॉट हिम टू साइन द पेपर्स’: मी त्याला सही करायला लावली. हाच अर्थ ‘मेक’ आणि ‘हॅव’ही देतात, पण छटा वेगळ्या आहेत. ‘आय मेड हिम साइन’ यात जबरदस्ती आहे. ‘आय हॅड हिम साइन’ यात फक्त काम सांगणं आहे, जसं साहेब कारकुनाला सांगतो. ‘आय गॉट हिम टू साइन’ यात थोडी खटपट आहे: पटवलं, मागे लागले, चहा पाजला आणि अखेर सही मिळाली. आणि ‘टू’ फक्त ‘गेट’ला लागतं. ‘मेड हिम टू साइन’ हे मी मोठमोठ्या पदांवरच्या लोकांच्या ईमेलमध्ये पाहते.

वस्तू किंवा माणसानंतर विशेषणही येतं: ‘गेट द किड्स रेडी’, मुलांना तयार कर. ‘डोन्ट गेट युवर शूज वेट’, बूट भिजवू नकोस. इथे वेगळं काही शिकायचं नाही. तिसऱ्या पायरीवरचं ‘होणे’ आता ‘करणे’ झालं, एवढंच.

पायरी ७: पुढे ‘टू’ आणि क्रियापद आलं तर करायला मिळणे

ही रचना मराठीशी शब्दाला शब्द जुळते. ‘आय गॉट टू मीट हर’: मला तिला भेटायला मिळालं. ‘यू गेट टू चूज’: निवड करायला तुम्हाला मिळते. यात संधीचा आनंद असतो. ‘आय डिडन्ट गेट टू टॉक टू हिम’ यात ती हुकल्याची चुटपुट.

पण याच्या अगदी शेजारी त्याच्या उलट अर्थाचा शब्दसमूह बसलेला आहे. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावं लागणार. बोलताना ‘हॅव’ गिळलं जातं, उरतं ते ‘आय गॉट टू गो’ किंवा ‘आय गॉटा गो’. आता ‘आय गॉट टू सी द मॅनेजर’ यात मॅनेजरला भेटायला मिळालं की भेटावं लागणार? लिहिलेल्या वाक्यावरून सांगणं कठीण. ऐकताना दोन खुणा धरा. ‘गॉटा’ असा जोडून उच्चार आला तर ते नेहमी ‘लागणार’. आणि मागे ‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’ असा भूतकाळ असेल तर ते ‘मिळालं’, कारण मागच्या काळातलं ‘लागलं’ सांगायला ‘हॅड टू’ वापरतात. स्वतः बोलताना ‘लागणार’साठी सरळ ‘हॅव टू’ वापरा आणि ‘गॉट टू’ फक्त ‘मिळालं’साठी ठेवा, म्हणजे गोंधळाला जागाच उरत नाही.

पायरी ८: जोडक्रियापदं थोडीच घ्या

‘गेट’ला ‘अप’, ‘ओव्हर’, ‘बाय’, ‘थ्रू’ असं काहीही चिकटतं आणि अर्थ बदलतो. यांच्या शंभर-शंभरच्या याद्या फिरत असतात, त्या पाठ करण्यात वेळ घालवू नका. आधी एवढी पुरेत:

- ‘गेट अप’: उठणे. जाग येणे म्हणजे ‘वेक अप’. मराठीतल्या दोन क्रिया तशाच दोन.
- ‘गेट अलाँग विथ’: पटणे, जमणे.
- ‘गेट बॅक टू’: नंतर उत्तर कळवणे. ‘आय विल गेट बॅक टू यू’ हे ऑफिसात दिवसातून कितीदा ऐकू येईल याचा नेम नाही, आणि त्याचा अर्थ दर वेळी उत्तर येईलच असा नसतो.
- ‘गेट रिड ऑफ’: काढून टाकणे, सुटका करून घेणे.
- ‘गेट अवे विथ’: करूनसवरूनही सहीसलामत सुटणे.
- ‘गेट बाय’: कसंबसं भागवणे.

पायरी ९: अर्ज लिहिताना ‘गेट’ला बाहेर ठेवा

बोलताना ‘गेट’ जितकं मोकळं, तितकंच ते अर्जात आणि प्रबंधात ढिलं दिसतं. पत्र मिळालं: ‘रिसीव्ह्ड’. पदवी, परवानगी मिळवली: ‘ऑब्टेन्ड’. होत गेलं: ‘बिकेम’. वाढत गेलं: ‘इन्क्रीज्ड’. समजलं: ‘अंडरस्टूड’. आणि ‘द लेटर वॉज गॉट’ असा ‘गेट’चाच कर्मणी प्रयोग करू नका, तिथे ‘रिसीव्ह्ड’शिवाय सुटका नाही.

मात्र हे औपचारिक शब्द उलट गप्पांत ओतू नका. ‘आय रिसीव्ह्ड अ कोल्ड’ म्हणजे सर्दी टपालाने आली. ऑफिसच्या ईमेलला मधला सूर चालतो. तिथे ‘डिड यू गेट अ चान्स टू लुक ॲट धिस?’ हे आठवण करून द्यायचं सभ्य वाक्य आहे, बिनधास्त वापरा.

पायरी १०: वहीत करून बघा

खालची वाक्यं आधी मोठ्याने इंग्रजीत म्हणा, मग उत्तरं बघा. दोन ठिकाणी ‘गेट’ येतच नाही.

1. मला खिडकीची जागा मिळाली नाही.
2. आम्ही पावसात भिजलो.
3. रविवारी गाडी धुवून घेतली.
4. माझं लायसन्स संपलं.
5. आजोबांना डॉक्टरकडे जायला तयार कर.
6. लहानपणी आम्हाला आंबे भरपूर खायला मिळायचे.
7. तिला मुलगी झाली.
8. स्टेशनवरून घरी पोहोचायला किती वेळ लागतो?

उत्तरं: 1. ‘आय डिडन्ट गेट अ विंडो सीट.’ 2. ‘वी गॉट वेट इन द रेन.’ 3. ‘आय गॉट द कार वॉश्ड ऑन संडे.’ 4. ‘माय लायसन्स एक्सपायर्ड.’ 5. ‘गेट ग्रँडपा टू सी अ डॉक्टर.’ 6. ‘ॲज किड्स वी गॉट टू ईट लॉट्स ऑफ मँगोज.’ 7. ‘शी हॅड अ बेबी गर्ल.’ 8. ‘हाऊ लाँग डज इट टेक टू गेट होम फ्रॉम द स्टेशन?’

आठव्यात ‘गेट टू होम’ आलं असेल तर पाचव्या पायरीवर परत जा. तिसऱ्यात ‘आय वॉश्ड द कार’ आलं असेल आणि बादली खरंच तुमच्या हातात असेल, तर तेही बरोबर धरा.